संविधानात लिहिलं म्हणून कोर्ट स्वतंत्र होतं का? अकरावीच्या पोराने अडकवलं

खडूफळा_नागपूर

नमस्कार मंडळी. मी इथे नागपुरात ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. परवा न्यायमंडळाचा धडा चालू होता, दरवर्षीसारखंच फळ्यावर लिहून दिलं की न्यायाधीशांना कार्यकाळाची हमी, पगार संचित निधीतून, काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठराव, म्हणून आपलं न्यायमंडळ स्वतंत्र. मागच्या बाकावरचं एक पोरगं, जे एरवी खिडकीतून बाहेर पाहत असतं, ते उठलं आणि म्हणालं, "मॅडम, लिहिलंय म्हणून स्वतंत्र आहे, तर पाकिस्तानच्या संविधानात पण लिहिलंच असेल ना?" वर्ग हसला, मी पण हसले, म्हटलं उद्या सांगते.

घरी येऊन पाहिलं तर खरंच लिहिलंय हो. त्यांच्या १९७३ च्या संविधानाच्या प्रस्तावनेतच आहे की न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य पूर्णपणे राखलं जाईल. आणि त्याहून कहर म्हणजे सोव्हिएत रशियाचं १९३६ चं संविधान, स्टॅलिनच्या काळातलं. कलम ११२, न्यायाधीश स्वतंत्र आहेत आणि फक्त कायद्याला बांधील आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोत ते नाटकी खटले सुरू झाले होते ज्यात निकाल आधी ठरायचा आणि साक्षी नंतर व्हायच्या.

तर लिहून होत नाही हे कळलं. मग होतं कशाने? राजेशाही, लष्करशाही, एकाच पक्षाची सत्ता, दोन-चार पक्षांची लोकशाही, या वेगवेगळ्या राजवटींत कोर्ट आपल्या पायावर उभं राहतं ते कसं आणि बसतं ते कसं? पुस्तकी उत्तर नको, ते माझ्याकडे आहे.

तर्रीपोहा_३१

मॅडम सोपं आहे, खुर्चीवर रामशास्त्री पाहिजे, बाकी संविधान-बिंविधान ठेवा बाजूला. राघोबादादाच्या तोंडावर सांगितलं ना बाप्पा, देहान्त प्रायश्चित्त. आता कोणात आहे एवढा दम. पोरगं मात्र हुशार निघालं बे तुमचं, त्याले एक प्लेट पोहे माझ्याकडून, तर्री वेगळी.

काळाकोट_सिव्हिललाईन्स

बावीस वर्षं झाली वकिली करून, आणि नागपूरच्या मे महिन्यात काळा कोट घालून उभं राहिलेला माणूस म्हणून थोडं लांब बोलतो, सांभाळून घ्या.

रामशास्त्र्यांचं मी पण बार रूममध्ये सांगायचो. पण ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो. नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, शास्त्रीबोवांनी राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पुढे? राघोबाला काहीच झालं नाही, शास्त्रीबोवाच पुणं सोडून वाईकडे निघून गेले. त्यांच्या हातात तेवढंच होतं, उठून जाणं. आणि परत कधी आले, तर बारभाईंनी राघोबाला बाजूला सारून कारभार हाती घेतला तेव्हा. म्हणजे न्यायाधीशाला पुन्हा खुर्चीवर बसवलं कोणी, तर दरबारातल्या विरोधी पार्टीने. हे जरा कडू लागते पण मला वाटतं मॅडमच्या पोराचं उत्तर यातच आहे, रामशास्त्री प्रत्येक राजवटीत दोन-चार जन्माला येतात, पण ते टिकतात तिथेच जिथे सत्ता एकाच्या मुठीत नसते.

इंग्लंड घ्या. तिथे न्यायाधीश राजाची मर्जी असेपर्यंत न्यायाधीश. १६०७ मध्ये पहिल्या जेम्सला वाटलं आपण स्वतःच खटले का चालवू नये, अक्कल तर आपल्याला पण आहे. सरन्यायाधीश कोक म्हणाला, महाराज अक्कल आहे, पण कायदा हा वेगळा अभ्यास आहे, तो वर्षानुवर्षं शिकावा लागतो. राजा भडकला. १६१६ मध्ये कोकला घरी पाठवला. पुढे दुसऱ्या जेम्सने तर १६८६ मध्ये एक महत्त्वाचा खटला लागायच्या आधीच ज्यांचं मत पटत नव्हतं ते न्यायाधीश काढून नवे बसवले, आणि निकाल पाहिजे तसा लागला, लागणारच होता.

मग १७०१ चा कायदा आला की न्यायाधीश वर्तन चांगलं असेपर्यंत राहील, काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी सांगितलं पाहिजे. हे काही राजाला उपरती झाली म्हणून नाही. १६८८ ला दुसऱ्या जेम्सला हटवल्यानंतर संसदेत व्हिग आणि टोरी असे दोन गट आलटून पालटून वर-खाली होऊन राहिले होते, आणि प्रत्येकाला माहीत होतं की उद्या आपण खाली असू, वरच्याच्या हातात न्यायाधीश असला तर आपली मुंडी जाईल. मुंडी शब्दशः, त्या काळात. तर स्वतंत्र कोर्ट म्हणजे हरणाऱ्याने जिंकलेला असतानाच काढून ठेवलेला विमा. ज्याला कधी हरायचंच नाही तो हप्ता कशाला भरेल?

दक्षिण कोरियात तर हे अगदी उघड दिसते. १९८७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, लष्करी राजवटीला संविधान बदलावं लागलं. वाटाघाटीला एकीकडे लष्करवाल्यांचा पक्ष, दुसरीकडे विरोधकांमध्ये दोन मोठे नेते, दोघांचं एकमेकांशी जमेना. पुढची निवडणूक कोण मारेल कोणालाच खात्री नाही. मग १९८८ ला जे संविधान न्यायालय सुरू झालं त्यात नऊ न्यायाधीश, तीन राष्ट्राध्यक्षाचे, तीन संसदेने निवडलेले, तीन सरन्यायाधीशाने सुचवलेले. कोणाच्याच खिशात पूर्ण कोर्ट नाही. त्याच कोर्टाने २०१७ मध्ये एका राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवलं आणि २०२५ मध्ये दुसऱ्याला, दोन्ही वेळा एकमताने.

इतवारी_ठोक

वकीलसाहेब विम्याचं पटलं पण पूर्ण नाही. मी धान्याच्या धंद्यातला माणूस, संध्याकाळी दुकान बंद झालं की वाचत बसतो, चुकलं तर सांगा.

इजिप्तमध्ये तर हरायची भीतीच नव्हती ना कोणाला. सत्तेत कायम एकच पक्ष, एकच राष्ट्राध्यक्ष. तरी त्यांनी १९७९ मध्ये सर्वोच्च संविधान न्यायालय काढलं आणि ते बऱ्यापैकी खरं कोर्ट होतं, नुसती पाटी नव्हती. का काढलं? पैशासाठी. आधीच्या राष्ट्राध्यक्ष नासरच्या काळात कारखाने, जमिनी, बँका सगळं सरकारजमा झालेलं. १९७४ पासून त्याच्यानंतरचा सादात म्हणू लागला दार उघडलं, या, पैसा लावा. कोण लावणार? ज्या घरमालकाने मागच्या भाडेकरूचं सामान रस्त्यावर फेकलं त्याच्याकडे पागडी कोण देईल. मग असं एक कोर्ट उभं केलं की जे सरकारला म्हणेल हे तुझं नाही, परत कर. आणि कोर्टाने तसं म्हटलं पण, जप्त मालमत्तांच्या मामल्यात लोकांना दिलासा मिळाला.

आमच्याकडे इतवारीत दोन व्यापाऱ्यांचं फाटलं की असोसिएशनचा एखादा म्हातारा मध्ये बसवतात, अट एकच, दोघांपैकी कोणाचा सोयरा नको. मागच्या दिवाळीत तुरीच्या दोन ट्रकांवरून असंच झालं, ओलावा जास्त निघाला म्हणून घेणारा क्विंटलमागे पैसे कापायला बसला. म्हातारा आला, मूठभर तूर घेऊन दाताखाली फोडली, अर्धी कपात म्हणाला, उठून गेला. दोघांना राग आला आणि दोघांनी ऐकलं. का? तर पुढच्या हंगामाला एकमेकांचंच तोंड पाहायचं आहे. सरकारला जेव्हा बाहेरच्यांकडून माल पाहिजे असतो तेव्हा ते पण असा म्हातारा शोधते.

पण गंमत पुढे आहे. एकदा म्हातारा बसवला की तो फक्त तुरीबद्दलच बोलेल याची काय गॅरंटी? इजिप्तच्या कोर्टाने १९८७ ला आणि १९९० ला निवडणुकीचे कायदेच बाद ठरवले, दोन्ही वेळा संसद बरखास्त करून नव्याने निवडणूक घ्यावी लागली. २००० मध्ये म्हणाले मतदान केंद्रावर न्यायाधीशाची देखरेख पाहिजे. तेव्हा सादातनंतरचा राष्ट्राध्यक्ष मुबारक जागा झाला. २००१ मध्ये बाहेरून एक माणूस आणून कोर्टाच्या डोक्यावर बसवला, आणखी न्यायाधीश भरले, संपलं. आणि इतकी वर्षं जे कोर्ट एवढं बोललं त्याने साध्या नागरिकांना लष्करी कोर्टात उभं करायच्या अधिकाराला मात्र हात लावला नाही, उलट १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्षाला तो अधिकार आहे असंच सांगितलं. ज्या तिजोरीत मालकाचा जीव होता ती तिजोरी उघडायची नाही हे त्यांनाही कळत होतं.

काळाकोट_सिव्हिललाईन्स

शेठ, मान गये. याला जोडूनच स्पेन. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात रोजचे दिवाणी-फौजदारी न्यायाधीश बऱ्यापैकी आपल्या मनाने काम करत होते, सरकार त्यांना फोन करत बसत नव्हतं, कारण गरजच नव्हती. जे मामले टोचणारे ते त्यांच्या टेबलावर येऊच द्यायचे नाहीत. आधी लष्करी कोर्टं होतीच, १९६३ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेचं म्हणून वेगळं न्यायाधिकरण काढलं. पत्रक वाटलं, संप केला, तिकडे. आम्ही वकील लोक ज्याला रोस्टर म्हणतो ना, कोणतं मॅटर कोणापुढे लागणार, त्यात अर्धं राज्यशास्त्र आहे. न्यायाधीश विकत घ्यावा लागत नाही, बोर्ड बदललं की झालं. म्हणून कोणी म्हणालं अमुक देशात कोर्टं स्वतंत्र आहेत तर मी विचारतो, कोर्टं ठीक आहे, त्यांच्याकडे जाते काय काय?

तर्रीपोहा_३१

आन आमचं तर अख्खं हायकोर्टच गेलं राजेहो. १९३६ ले झालेलं नागपूर हायकोर्ट, १९५६ ले राज्यं बदलली, एक भाग जबलपूरले आन आमच्याकडे मुंबईची बेंच. दगडी बिल्डिंग तेवढी राह्यली. लिहून ठेवा, नकाशा बदलला की कोर्ट बी बदलते.

खडूफळा_नागपूर

तर्रीपोहा, ते वेगळं विदर्भाचं दुसऱ्या धाग्यावर हं 😄

काळाकोट, इतवारी, दोघांचंही लिहून घेतलं. पण पोरं मला भारताचंच विचारणार. आपल्याकडे तर संविधान तेच, न्यायाधीश नेमायची कलमं तीच, तरी १९७३-७७ मध्ये कोर्ट वाकलं आणि १९९३ मध्ये तेच कोर्ट म्हणालं नेमणुका आमच्याच शब्दाने होतील. एकच संविधान, दोन कोर्टं. विम्याच्या हिशोबात हे कसं बसवायचं?

महालातला_जुना

मी या धाग्यावर फक्त वाचत होतो, पण १९७६ चा विषय निघाला म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, चुका होतील.

आणीबाणीत माझे मोठे काका मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबायच्या कायद्याखाली, आत होते. मी तेव्हा सातवीत. रात्री नेलं, कशासाठी ते कागदावर नव्हतं, कायद्यातच तशी दुरुस्ती केलेली की कारण सांगायची गरज नाही. आजी विचारायची, याने केलं काय, आणि घरात कोणाकडे उत्तर नाही कारण सरकारने पण दिलेलं नाही. पोस्टकार्डं यायची, त्यावर सेन्सॉरचा शिक्का, एकदा तर तीन ओळी काळ्या केलेल्या, आजी ते कार्ड उजेडासमोर धरून बघायची काही दिसते का. त्या ओळीत काय होतं ते काकांना सुटल्यावर विचारलं, तर म्हणाले आठवत नाही, बहुतेक जेवणाबद्दल असेल.

वडील शाळेत क्लार्क. त्यांच्या तोंडी तेव्हा हेबिअस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज) हा शब्द बसला, ते हेबस कारपस म्हणायचे. आत असलेल्या लोकांचे अर्ज नागपूर खंडपीठापुढे होते, सरकारचं म्हणणं की राष्ट्रपतींचा आदेश निघाला आहे, मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाताच येत नाही, अर्ज ऐकूच नका. खंडपीठाने ते मानलं नाही. तशा देशातल्या नऊ हायकोर्टांनी मानलं नाही, अलाहाबाद, दिल्ली, मध्य प्रदेश, कर्नाटक, राजस्थान वगैरे, त्यात आपली नागपूर बेंच. वडिलांनी त्या दिवशी पेढे आणले. काका काही सुटले नव्हते, फक्त ऐकता येईल एवढंच ठरलं होतं, तरी पेढे. आई म्हणाली लवकर आणले.

लवकरच होते. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, जबलपूरच्या नावाने तो खटला प्रसिद्ध झाला. २८ एप्रिल १९७६, पाच न्यायाधीश, चार विरुद्ध एक, आणीबाणी आहे तोवर कोर्ट काही विचारू शकत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या वकिलांना, विचारलं होतं की समजा एखाद्या पोलिसाने खाजगी वैरातून माणूस मारून टाकला, तरी इलाज नाही का? आणि उत्तर आलं की आणीबाणी आहे तोपर्यंत नाही. हे मी नंतर मोठेपणी वाचलं. खन्ना तेवढे एकटे विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांच्याकडे यायचं होतं, ते डावलून बेग यांना दिलं, खन्नांनी राजीनामा दिला. आता सुप्रीम कोर्टाच्या दोन नंबरच्या कोर्टात त्यांची तसबीर आहे.

आता मॅडमचा प्रश्न. बाकीचे चौघे काही अडाणी किंवा वाईट लोक नव्हते, पुढे त्यातल्या काहींनी चांगले निकाल दिले. पण त्यांनी एक गोष्ट पाहिलेली होती. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारतीचा निकाल लागला, की संसदेला संविधानाचा मूळ ढाचा बदलता येणार नाही, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. लगेच दुसऱ्या दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना ओलांडून राय यांना सरन्यायाधीश केलं. तिघेही सरकारला न आवडलेल्या बाजूचे. त्या तिघांनी राजीनामे दिले आणि सरकारचं काहीच बिघडलं नाही, कारण समोर विरोधी पक्ष म्हणावा असा नव्हताच, १९७१ च्या निवडणुकीत साफ झालेला. हायकोर्टाच्या न्यायाधीशांच्या १९७६ मध्ये बदल्या झाल्या, एकदम सोळा. कोणाला काढावं लागलं नाही. संविधानाचं एक कलमही मोडलं नाही म्हणा.

आणि मग १९७७ ला सरकार पडलं, काका मार्चमध्ये घरी आले. नवीन सरकारात बसलेले कितीतरी लोक जेल पाहून आलेले. त्यांनी १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली की आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१, त्यात जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आला, गोठवता येणार नाही. वकीलसाहेबांचा तो विमा, पण हप्ता आधी भरला होता, तोही तुरुंगात.

१९७६ चा तो निकाल शेवटी २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने चुकीचा म्हणून पुसला. पुसणारे न्यायमूर्ती चंद्रचूड, आणि १९७६ च्या चौघांत त्यांचे वडील. तोपर्यंत माझे वडीलही गेले होते आणि काकाही, पेढे आणायला मीच होतो, डायबेटिस असलेला.

फुटाळा_सायंकाळ

महालकाका, तुमचं वाचून दोन मिनिटं गप्प बसले. तुम्ही लिहिल्यावर भांडण काढणं बरं दिसत नाही पण काढते, मी न्यायाधीश परीक्षेची तयारी करून राहिले आणि मला हे "सत्ता विभागली की कोर्ट आपोआप मोकळं" पूर्ण पटत नाही.

एक तर १९९३. ठीक आहे, अल्पमतातलं सरकार होतं, कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश निवडायचे ही पद्धत, जमून गेलं. पण २०१५? पूर्ण बहुमताचं सरकार, न्यायाधीश नेमणूक आयोगाची ९९ वी घटनादुरुस्ती जवळपास सगळ्या पक्षांनी मिळून मंजूर केलेली, आणि कोर्टाने ती १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक अशी रद्द केली. सगळे पक्ष एका बाजूला असताना! यात विरोधी पार्टी कुठे आहे? मला वाटतं एकदा सवय पडली की कोर्टाला तिचं बळ मिळते, बावीस वर्षांची सवय. आणि खरं सांगायचं तर त्या निकालाने मला आनंदही झाला नाही. आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांना बंद खोलीत नेमायचं, हे सरकारपासून स्वातंत्र्य झालं, पण ओळखीपाळखीपासून? माझ्यासारखीच्या घरात वकील पण नाही कोणी.

आणि दुसरं, कधीकधी कोर्ट उभं राहते ते बाहेरच्यांना दाखवायला. मॅडम, तुमच्या पोरांना ही गोष्ट सांगा, पक्की लक्षात राहील. जपान, ११ मे १८९१, ओत्सू गाव. रशियाचा युवराज पाहुणा म्हणून आलेला, रिक्षात बसून चाललेला, हाताने ओढायची रिक्षा. बंदोबस्ताला जो पोलीस उभा त्सुदा नावाचा, त्यानेच तलवार काढून युवराजाच्या डोक्यावर वार केला. सोबतच्या ग्रीक राजपुत्राने काठीने अडवलं, आणि रिक्षा ओढणाऱ्यांनी त्या पोलिसाला पाय धरून पाडलं. युवराज वाचला, कपाळावर खूण राहिली. हाच पुढे झार निकोलस दुसरा.

जपान सरकार घाबरून गेलं, रशिया आता चढाई करणार. म्हणाले त्सुदाला फाशीच पाहिजे. पण कायदा असा की सम्राट किंवा राजघराण्यावर हल्ला केला तर फाशी, आणि ते राजघराणं म्हणजे जपानचं. परक्या युवराजावरचा हल्ला म्हणजे साधा खुनाचा प्रयत्न, जास्तीत जास्त जन्मठेप. मंत्री न्यायाधीशांकडे खेटे घालू लागले की अर्थ जरा ताणा. सर्वोच्च न्यायालयाचा प्रमुख कोजिमा नाही म्हणाला. २७ मे ला जन्मठेपच झाली. परराष्ट्रमंत्री आणि गृहमंत्री घरी गेले, रशियाने चढाई काही केली नाही.

आता राजकारण बघा. संविधान लागू होऊन सहा महिने झालेले, कोणत्या पक्षाची पाळीबिळी नाही, सम्राटाचं राज्य. मग कोजिमाचं का चाललं? कारण जपानला परकीयांबरोबरचे ते अपमानाचे करार मोडायचे होते, ज्यात जपानात गुन्हा केलेल्या युरोपियनाला जपानी कोर्टात उभंच करता येत नव्हतं, तुमची कोर्टं रानटी आहेत म्हणून. आपली कोर्टं कायद्याने चालतात हे जगाला दाखवायची याहून मोठी संधी कोणती? ब्रिटनने १८९४ मध्ये तो हक्क सोडायचा करार केला. म्हणजे इतवारीवाल्या काकांचा मुद्दा, फक्त मालाऐवजी इज्जत.

आणि याच्यात एक गोम आहे जी क्लासमध्ये कोणी सांगत नाही. कोजिमा त्या खटल्याच्या पीठावर नव्हताच. जे सात न्यायाधीश होते त्यातले काही सरकारकडे झुकलेले, तर त्याने स्वतः त्यांना गाठून गाठून मन वळवलं. म्हणजे न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा हा जपानचा सगळ्यात मोठा हिरो, आणि त्याने केलं काय, तर न्यायाधीशांवर दबाव आणला.

काळाकोट_सिव्हिललाईन्स

हे शेवटचं माहीत नव्हतं, सही आहे. २०१५ चं पण मान्य, सवयीला वजन असते. इंग्रजांच्या राज्यात सुद्धा असते. १९४३ च्या एप्रिलमध्ये फेडरल कोर्टाने तळपदे खटल्यात सांगितलं की ज्या नियमाखाली तुम्ही चलेजावच्या लोकांना आत ठेवलं तो नियमच बेकायदा आहे. महायुद्ध पेटलेलं, सरकार गोरं, सरन्यायाधीश ग्वायर पण गोरा. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून भोक बुजवलं, माणसं आतच राहिली. पण निकाल फाडला नाही, न्यायाधीश काढला नाही. तेवढी लाज म्हणा, सवय म्हणा.

पाकिस्तानचं राहिलंच, पोराने तेच विचारलं होतं. तिथे सवय लागायच्या आधीच मोडली. १९५४ मध्ये गव्हर्नर जनरलने संविधान सभाच बरखास्त केली, अध्यक्ष तमीजुद्दीन खान सिंधच्या कोर्टात गेले आणि जिंकले, पण १९५५ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं. १९५८ ला लष्कर आलं तर कोर्ट म्हणालं यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायदा असते. झालं, पुढच्या प्रत्येक जनरलला रस्ता तयार. जनरल आला की न्यायाधीशांना नवी शपथ घ्यायला लावायचा, घेतली तो राहिला, नाही घेतली तो घरी. संविधान कपाटात तसंच.

आणि तरी, २००७ मध्ये मुशर्रफने सरन्यायाधीशाला निलंबित केलं तेव्हा उठलं कोण? वकील. काळे कोट घालून रस्त्यावर, कोर्टं बंद, लाठ्या खाल्ल्या, दोन वर्षं चाललं, मार्च २००९ मध्ये सरन्यायाधीश परत खुर्चीवर. मी तेव्हा नवीन होतो, बार रूमच्या टीव्हीवर पाहत होतो, आमच्यातला एक सीनियर म्हणाला, हे लोक आपल्यापेक्षा चांगले बांधून कोट घालतात. पण तेही टिकलं म्हणता येत नाही. २०२४ च्या २६ व्या दुरुस्तीने आता सर्वात ज्येष्ठ तिघांपैकी कोण सरन्यायाधीश हे संसदेची समिती ठरवते. १९७३ ला आपल्याकडे जे एका रात्रीत केलं ते तिथे कलम म्हणून लिहून घेतलं.

इतवारी_ठोक

हंगेरीत तर तेही नाही, दोन तृतीयांश बहुमत मिळालं आणि न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२ करून टाकलं. शेकडो जागा रिकाम्या. नोकराला काढायचं नाही, दुकानाची वेळ बदलायची. युरोपच्या कोर्टाने २०१२ मध्ये ते चूक ठरवलं पण तोवर बऱ्याच खुर्च्यांवर नवीन लोक बसलेले.

खडूफळा_नागपूर

आज तास घेतला. फळ्यावर नेहमीची कलमं लिहिलीच नाहीत, महालकाकांची पोस्ट वाचून दाखवली, नाव-गाव तसंही नव्हतं त्यात. उजेडासमोर कार्ड धरायचं आलं तेव्हा वर्गात फॅनचा आवाज येऊन राहिला होता फक्त. मग ओत्सूची गोष्ट सांगितली.

मागच्या बाकावरच्या त्या साहेबांना विचारलं, झालं का समाधान? तर म्हणाला, मॅडम ते ठीक आहे, पण त्या रिक्षावाल्यांचं पुढे काय झालं? त्याचे वडील ऑटो चालवतात. मला माहीत नव्हतं. पुन्हा उद्या सांगते म्हटलं. फुटाळा, मदत करा.

फुटाळा_सायंकाळ

दोघे होते. रशियाने मेडल दिलं, अडीच हजार येन रोख, वर दरवर्षी हजार येन पेन्शन, रातोरात गावोगावी नाव. मग १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध लागलं. पेन्शन बंद, लोक रशियाचे हेर म्हणू लागले, पोलीस त्रास देऊ लागले. त्यांच्यासाठी कोर्टात कोणी गेल्याचं माझ्या वाचण्यात नाही.

तर्रीपोहा_३१

दोन प्लेट करा मॅडम. एक त्याच्या बाबाले.